कोथिंबीर चालते का?

आमच्याकडे उपासाला कोथिंबीर चालते. मावशीकडे चालत नाही, पण जिरं चालतं. वहिनींच्या माहेरी भेंडीसुद्धा चालते म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण या विषयावर वहिनींशी कोण वाद घालणार! काय चालतं आणि काय नाही, हे त्या त्या घरची आजी ठरवते आणि तिथे विषय संपतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याच्या टेबलावर ही आजी म्हणजे डीएम, गोष्ट चालवणारा आणि नियम ठरवणारा. आमच्या शनिवारच्या टेबलावर गेली सहा वर्षं ती आजी मी आहे. नियम २०१४ च्या आवृत्तीचे, वर दोन जादा पुस्तकं. पहिल्या लेव्हलला पात्रासाठी उडणारी जमात घ्यायची नाही. आणि समोरच्याला चांगला पडलेला फासा परत टाकायला लावणारा ‘सिल्व्हरी बार्ब्स’ हा स्पेल, म्हणजे मंत्र, आमच्यात वर्ज्य. एवढंच आमचं सोवळं-ओवळं.

कागद-पेन्सिलीच्या काळात हे तोंडी सांगितलं की भागायचं. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा हा खेळ आला तेव्हा एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. त्यातलं काय लपवणार? आता पुस्तकांचा डोंगर झालाय, म्हणून कॅरेक्टर, म्हणजे पात्र, बनवून देणारे ॲप आले, कॅरेक्टर बिल्डर. जमात निवडा, क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडा, बेरजा तो करतो. पण डोंगरातलं नेमकं काय दाखवायचं हे त्याला सांगावं लागतं आणि त्यासाठी असतात कंटेंट फिल्टर. (आईने हा शब्द ऐकला आणि विचारलं, “फिल्टर कसला? घाणेरडं असतं का रे त्यात काही?” नाही. असतं तर एव्हाना नीट चालला असता.)

तर समजा, असा एखादा बिल्डर तुम्हीच बांधताय आणि लोक “फिल्टर सुधारा, फिल्टर सुधारा” म्हणून मागे लागलेत. घाबरू नका. कसं सुधारायचं ते मी सांगतो, सगळं भोगून झालंय. मी ज्या बिल्डरवर भोगलं त्याचं नाव मात्र घेणार नाही, बाकीच्यांना उगाच वाईट वाटायचं.

सर्वांत आधी बटणांची वाटणी. टेबलावरच्या माणसाला काय हवं असतं? “फक्त ही तीन पुस्तकं.” म्हणून पुस्तकवार बटणं अजिबात द्यायची नाहीत. तुमचा कुणाकुणाशी करार झालाय त्याप्रमाणे द्या. एक बटण भागीदारांच्या मजकुराचं, एक विस्तारित नियमांचं, एक कुठल्याशा गाजलेल्या कार्यक्रमाच्या जगाचं. म्हणजे मेनूकार्डावर ‘उपासाचे पदार्थ’ असं सदर न ठेवता ‘नाशिकच्या व्यापाऱ्याकडून आलेले पदार्थ’ असं ठेवायचं. गिऱ्हाईक हुशार असेल तर साबुदाणा शोधून काढेलच.

मग ही बटणं कुठे ठेवायची? कॅरेक्टर तयार करताना अगदी पहिल्या पानावर, नाव टाकायच्याही आधी. ज्याने जन्मात हा खेळ खेळलेला नाही त्याला पहिला प्रश्न हाच यायला हवा, की तुम्हाला जुन्या आवृत्तीतला मजकूर दाखवू का? माझा भाचा पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने सगळी बटणं चालू केली. मी विचारलं, का रे? म्हणाला, “मामा, फुकट होती.”

आणि हो, ही बटणं कॅरेक्टरमागे द्यायची, कॅम्पेनमागे, म्हणजे सगळ्यांच्या मिळून चाललेल्या गोष्टीमागे, चुकूनसुद्धा नाही. डीएमला एकदाच सगळ्यांसाठी यादी ठरवता आली तर पुढे त्याला करायला काय उरलं? माझ्या टेबलावर सहा खेळाडू, सहा मोबाइल. दर नव्या कॅरेक्टरला मी शाळेतल्या बाईंसारखा हजेरी घेतो: पहिलं बंद, दुसरं चालू, तिसरं बंद, चौथं... चौथं तुझ्याकडे दिसतच नाहीये? खाली सरकव. अजून खाली. यात पाऊण तास जातो, पण माणसं एकमेकांशी बोलतात. हल्ली कुठे बोलतात?

आता बंद म्हणजे काय, हे तुम्ही स्वतःशी पक्कं करून घ्या. बंद म्हणजे नाहीसं नव्हे. बंद केलेली गोष्ट यादीत राहिलीच पाहिजे, फक्त जराशी करडी, शेजारी छोटं कुलूप आणि कुलपाखाली ‘विकत घ्या’. उपास करणाऱ्याच्या समोरून कांदाभजीची थाळी हलवू नये, तिच्यावर नुसती जाळी ठेवावी. वास आला पाहिजे. शोधपेटीला तर फिल्टर लावूच नका. सहा बटणं बंद करून बसलेल्या माणसाने ‘एल्फ’ ही जमात टाइप केली की २०१४ चा एल्फ, २०२४ चा एल्फ, शिवाय मधल्या पुस्तकांतले समुद्री एल्फ नि एलाड्रिन, तेही प्रत्येकी दोन-दोन आवृत्त्यांत, असं अख्खं खानदान हळदीकुंकवाला आल्यासारखं दारात उभं राहिलं पाहिजे.

जुनं-नवं हा तर तुमचा हुकमाचा पत्ता. जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गंमत इथेच आहे. खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ ची, तिचं सुधारलेलं प्लेयर्स हँडबुक २०२४ चं. नवीत जमातीचं ‘रेस’ हे नाव जाऊन ‘स्पीशीज’ आलं. हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क त्या पुस्तकातून गेले, ऑर्क आणि गोलायथ आत आले. पूर्वी ताकद-चपळाईचे जादा गुण जमातीमुळे मिळायचे, आता ते बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून, मिळतात. पूर्वी क्लेरिकला, म्हणजे पुजाऱ्याच्या क्लासला, पहिल्याच लेव्हलला सबक्लास (पोटपेशा) मिळायचा, आता सगळ्यांना तिसरीला. या झाल्या मोठ्या गोष्टी, त्या माणसाच्या लक्षात येतात. तुम्ही छोट्यांवर भर द्या. उदाहरणार्थ क्युअर वूंड्स, जखमा बऱ्या करणारा स्पेल. नाव तेच, लेव्हल तीच. २०१४ मध्ये एक आठ बाजूंचा फासा टाकायचा, २०२४ मध्ये दोन. यादीत दोन्ही ठेवा, एकाखाली एक, आणि ‘जुनं’ ही चिठ्ठी मुंगीच्या पायाएवढी करा.

त्याने काय होतं, ते मी समोर बसून पाहिलंय. गुहेत आमचा फायटर, म्हणजे लढवय्या, जिवाचे गुण शून्यावर येऊन आडवा. डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायचे फासे, दोन हुकलेले, तिसरा हुकला की राम म्हणायचं. भाचा क्लेरिक. सगळे त्याच्याकडे बघतायत. तो मोबाइलकडे.

“मामा, माझ्याकडे दोन क्युअर वूंड्स आहेत.”

“आपलं जुनं. एक फासा.”

“कुठलं जुनं?”

“ज्यावर लिहिलंय ते.”

“दोन्हींवर काहीतरी लिहिलंय.”

फायटरवाल्याने स्वतःचा मोबाइल पुढे केला. त्याच्याकडे एकच क्युअर वूंड्स, तेही दोन फाशांचं. पुढची बारा मिनिटं आम्ही सहाही फोन टेबलावर एका रांगेत मांडून कुणाचं कुठलं बटण चालू आहे ते पाहत होतो. चहा गार. गॉब्लिन तसेच उभे, बिचारे, धनुष्य ताणून. शेवटी एक फासा टाकला. पडला एक, वरचे तीन मिळवून चार. फायटर उठला, पुढच्याच बाणाने सात गेले, परत आडवा. त्याच्या मते दोन फासे टाकले असते तर तो आज उभा असता. तो गेले दोन शनिवार माझ्याशी नीट बोलत नाही. सांगा, साध्या ड्रॉपडाउनने एवढं नाट्य जमलं असतं?

एक चूक मात्र करू नका, घाई. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डी अँड डी बियाँड या खेळाच्या अधिकृत साधनाने जाहीर केलं की लोकांच्या चालू कॅरेक्टर शीटवरचे जुने स्पेल आणि जादूच्या वस्तू आता नव्या रूपात दिसतील. ज्यांनी जुनी पुस्तकं पैसे मोजून घेतली होती ते असे उसळले की आठवड्याच्या आत निर्णय फिरवावा लागला. काय चुकलं? त्यांनी आधी सांगितलं. जाहीर केलं की लोक वाचतात आणि वाचलं की चिडतात. तुम्ही जुनं काढू नका, कुणाला दुखवू नका. नुसतं दर अपडेटला जुन्याचं बटण आपोआप बंद आणि नव्याचं आपोआप चालू होऊ द्या. कुणी विचारलंच तर सेटिंग आहे की!

होमब्रूसाठी, म्हणजे घरी बनवलेल्या मजकुरासाठी, एकच बटण पुरे. माझ्या जगातली मी रात्री जागून बनवलेली एक तलवार आणि इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसाने बनवलेली, शत्रूला बघताक्षणी खलास करणारी तलवार, दोन्ही एकाच दारातून आत येऊ द्या. माझी हवी असेल तर त्याचीही घ्या. सोसायटीत कुणाच्या पाहुण्याला गेट उघडलं की मागोमाग तीन डिलिव्हरीवाले शिरतात, तसंच हे.

इतकं करूनही तक्रारी येतील. लोक लिहितील, की आम्हाला पुस्तकवार निवड हवी, डीएमला कॅम्पेनवर एकदाच कुलूप लावता यायला हवं, बंद म्हणजे बंद दिसायला हवं. मागण्या साध्या आहेत, तीन वाक्यांत बसतात, म्हणून त्यांना फार मान देऊ नका. आभार माना, नोंद घेतली म्हणा आणि पुढच्या अपडेटमध्ये बटणं गोल होती ती चौकोनी करा. त्यानंतरच्या अपडेटमध्ये परत गोल. ‘फिल्टर अनुभवात सुधारणा’ असं लिहायला विसरू नका.

राहता राहिला माझा भाचा. गेल्या शनिवारी तो दोनशे पानी वही घेऊन आला. पहिल्या पानावर पट्टीने रेघा मारून कॅरेक्टर शीट आखलेली, खाली त्याच्या अक्षरात: क्युअर वूंड्स, एक फासा, मामाला विचारलंय. सिल्व्हरी बार्ब्स लिहून खोडलेलं. वही उघडायला दोन सेकंद लागली आणि सात वाजता खेळ सुरू झाला, सातलाच.

हे तुमच्या धंद्याला बरं नाही. वहीचा फोटो काढून कॅरेक्टर आत घेता येईल अशी सोय लवकर काढा, महिन्याच्या वर्गणीत. आणि फोटो काढायच्या आधी त्याला एकदा विचारा, जुन्या आवृत्तीतला मजकूर दाखवू का?