तिकडे चोर, इकडे बावळट

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आशिया कपची टीम जाहीर झाली तेव्हा मी इकडे ॲपलटनला, विस्कॉन्सिनमध्ये, सकाळचा चहा घेत बसलो होतो आणि आमच्या दादरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १४३ मेसेज पडलेले. श्रेयस अय्यर नाही! आयपीएलमध्ये ६०४ रन, पंजाबला फायनलला नेलं, आणि तरी नाही. त्याच्या आधी मे महिन्यात सरफराजला इंग्लंडला नेलं नाही म्हणून असाच दंगा झाला होता. गंमत अशी की ज्या मित्राने पूर्वी निवड समितीचा प्रमुख आगरकर मुंबईचा म्हणून मुंबईच्या पोरांना घेतो असं ठासून सांगितलं होतं तोच आता लिहीत होता की स्वतः मुंबईचा असून मुंबईच्या पोरांना कापतो, वरून फोन आला असणार. कोणाचा फोन, कधी, काही नाही. फोन आला म्हणजे आला.

मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं की "तू तिकडे बसून बोलू नकोस" हे ठरलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर मी इकडे बसून तेच करतो, फक्त वेगळ्या खेळात.

ॲपलटनहून ग्रीन बे अर्ध्या तासावर. लाखभर वस्तीचं गाव आणि त्याची फुटबॉल टीम पॅकर्स, म्हणजे इकडचा फुटबॉल, हातात धरून पळायचा. या टीमला कोणी अंबानी नाही, पाच लाखांवर शेअरहोल्डर आहेत, शेअरला डिव्हिडंड नाही, बाजारात विकता येत नाही. आमच्या शेजारचे आजोबा पेपर मिलमधून रिटायर झालेले, त्यांनी तो कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय, आपल्याकडे कुलदैवताचा फोटो असतो तिथे. त्यामुळे जनरल मॅनेजरने कोणाला घेतलं यावर बोलायचा हक्क त्यांना कायद्यानेच आहे असं त्यांचं मत आहे.

घेतलं म्हणजे ड्राफ्टमध्ये. दर एप्रिलला ३२ टीम कॉलेजमधली पोरं पाळीपाळीने उचलतात, सात फेऱ्या, आणि मागच्या सीझनला जी सगळ्यात खाली तिचा नंबर पहिला. आयपीएलसारखा पैशांचा लिलाव नाही, पाळी हीच करन्सी, ती पुढेमागे विकता येते.

आता २०२० ची ती रात्र. लॉकडाऊन, लीगचा कमिशनर स्वतःच्या घराच्या तळघरातून नावं वाचतोय. जानेवारीत पॅकर्स सुपर बोलच्या, म्हणजे फायनलच्या, एक पायरी खाली सॅन फ्रान्सिस्कोकडून ३७-२० ने आपटलेले. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी, ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा पण अजून जबरदस्त, फक्त त्याने फेकलेला बॉल झेलायला एक चांगला रिसीव्हर द्या, एवढंच शेंबड्या पोरालाही कळत होतं. बावीस नंबरवर मिनेसोटाने, म्हणजे आमच्या सख्ख्या वैऱ्याने, जस्टिन जेफरसन हा रिसीव्हर उचलला. मग आमचा जीएम ब्रायन गूटेकुन्स्ट याने चौथ्या फेरीची एक पाळी जादा देऊन तिसाव्यावरून सव्वीसाव्यावर उडी मारली, मी सोफ्यावरून उठून उभा, आणि त्याने घेतला जॉर्डन लव्ह. अजून एक क्वार्टरबॅक! सचिन फॉर्मात असताना त्याच्या जागेवर बसायला पोरगा आणल्यासारखं. त्या ड्राफ्टमध्ये एकूण नऊ पोरं घेतली, त्यात रिसीव्हर एकही नाही. मी एवढ्याने ओरडलो की बायको वरून खाली आली, तिला वाटलं मुंबईहून काही वाईट बातमी.

दुसऱ्या दिवशी आजोबा कुंपणापाशी, हातात दंताळं, सहा फुटांवरून मला सांगत होते की या गूटेकुन्स्टला महिन्याभरात हाकला.

पुढे काय झालं बघा. रॉजर्स २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, लव्ह तीन वर्षं बाकावर. म्हणजे आम्ही बरोबर होतो. मग रॉजर्स न्यूयॉर्कला गेला, २०२३ च्या सीझनला लव्ह उभा राहिला आणि प्लेऑफला डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ धुतलं. म्हणजे गूटेकुन्स्ट बरोबर होता. आजोबा आता म्हणतात मी तेव्हाच म्हणालो होतो, पोरात दम आहे. आजोबा, दंताळं मला आठवतंय हो! पण जानेवारी २०२१ ला टँपाकडून घरच्या मैदानावर ३१-२६ हरलो, तिथे एक जेफरसनसारखा असता तर? हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून तर अजून दर थँक्सगिव्हिंगला वाद होतो. आणि हा रॉजर्स तरी कसा आला होता, २००५ ला ब्रेट फार्व्ह ३५ चा असताना असाच चोविसाव्या नंबरवर, तेव्हाचा जीएम टेड थॉम्पसननेही अशाच शिव्या खाल्ल्या होत्या.

पण इकडे एक गोष्ट मी कधी ऐकली नाही, गूटेकुन्स्टने पैसे खाल्ले, तो अमक्या लॉबीचा, लव्ह त्याच्या मेव्हण्याचा. तिकडे निवडणारा चोर असतो, इकडे तो बावळट असतो. इकडची माणसं सज्जन आहेत म्हणून नाही. पोरगं फुकट गेलं तर नोकरी त्याचीच जाते, मग मुद्दाम वाईट पोरगं कोण घेईल, आणि हिशोबही राहतो. १९८९ ला पॅकर्सनी दोन नंबरवर टोनी मँडरिच घेतला, एक, तीन, चार आणि पाच नंबरवर गेलेले चौघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत, मँडरिच नाही, आणि हे आजोबा झोपेतही म्हणून दाखवतात. आपल्याकडे सिलेक्टर पाच झोनचे पाच अशी वाटणीच वर्षानुवर्षं, मग माणूस आपसूक विचारतो की हा कोणाचा. मुंबईचा डावखुरा स्पिनर शिवलकर ५८९ विकेट घेऊनही एक टेस्ट खेळला नाही, समोर तसाच डावखुरा बेदी होता हे उघड कारण आहे पण आमच्या बाबांना ते शेवटपर्यंत पुरलं नाही. अमोल मुझुमदारचंही तेच, रणजीच्या पहिल्याच मॅचला २६० मारून इंडिया कॅप नाहीच. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या कोचिंगखाली पोरींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हा ग्रुपवर सगळे रडले, आणि त्याच रात्री एकाने विचारलंच, याला तेव्हा कोणी कापलं होतं रे?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट खुद्द ग्रीन बेला झाला. आजोबांना घेऊन मी गेलो, चीज कर्ड खात गर्दीत उभे. तेविसाव्या नंबरवर पॅकर्सनी मॅथ्यू गोल्डन घेतला, रिसीव्हर, २००२ नंतर पहिल्या फेरीतला पहिलाच. काय आवाज झाला राव, पायाखालची जमीन हलली, आजोबांनी मला मिठी मारली. गाडीपाशी पोचेपर्यंत त्यांचं सुरू झालं होतं की रिसीव्हर काय दुसऱ्या फेरीतही मिळतात, जेनिंग्ज, नेल्सन, ॲडम्स सगळे दुसऱ्या फेरीतलेच, आज कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणारा, घ्यायला हवा होता.