सोमवारी बँक उघडणार का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर पुन्हा ठेवींवरून जुंपली आहे. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत पैसे देणारा विमा वाढवावा का? डोंबिवलीचे काका म्हणतात दहा करा, पुण्याची मावसबहीण म्हणते पंधरा. मग माझ्याकडे मोर्चा वळतो: "तुमच्या अमेरिकेत किती रे?" अडीच लाख डॉलर, मी लिहितो. म्हणजे दोन कोटींच्या वर. ग्रुप गप्प.

पण हा आकडा ऐकून दिपण्यात अर्थ नाही. 2019 च्या सप्टेंबरात पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे पैसे काढण्यावर निर्बंध आले तेव्हा विमा होता एक लाखाचा, 1993 पासून तेवढाच. फेब्रुवारी 2020 मध्ये तो पाच लाख झाला, पण त्याने पैसे हातात आले नाहीत. पहिल्या दिवशी हजार रुपये काढता येत होते, पुढे ती मर्यादा हप्त्याहप्त्याने वाढत गेली. बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला जानेवारी 2022 उजाडला. पाच लाखांवरची रक्कम तर दहा वर्षांत थोडी थोडी.

आईची बँक वेगळी, लहानशी सहकारी, पण तिच्यावरही असेच निर्बंध आले. पासबुकच्या पहिल्या पानावर विम्याचा शिक्का होता. गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे मी न्यू जर्सीहून पाठवले. "माझेच पैसे आहेत ना रे बँकेत, मग तुझ्यापुढे हात का पसरायचा?" असं म्हणाली आणि फोन ठेवला.

इथे सिलिकॉन व्हॅली बँक शुक्रवारी, 10 मार्च 2023 ला बंद केली. विम्यातले पैसे सोमवारी मिळतील, हे त्याच दिवशी जाहीर झालं. रविवारी संध्याकाळी तर मर्यादेवरच्या ठेवीही सुरक्षित असल्याचं सरकारने सांगून टाकलं. (बड्या स्टार्टअपवाल्यांचे पैसे अडकले की सरकारची झोप लवकर उडते. 2008 साली इंडीमॅक बँक बुडाली तेव्हा विम्याच्या त्या वेळच्या मर्यादेवरच्या, म्हणजे लाख डॉलरच्या वरच्या ठेवीतले निम्मेच लगेच मिळाले होते. त्यामुळे अमेरिकेची आरती मी ओवाळत नाही.)

फरक आहे तो क्रमाचा. इथे ठेवींचा विमा देणारं सरकारी महामंडळ बहुतेकदा बुडणारी बँक विकत घेणारं गिऱ्हाईक आधी शोधून ठेवतं आणि मगच शटर ओढतं. आपल्याकडे आधी खाती गोठतात, गिऱ्हाईक नंतर. 2021 च्या दुरुस्तीने विम्याचे पैसे 90 दिवसांत देणं बंधनकारक झालं, ही खरी सुधारणा, आणि तिच्याबद्दल ग्रुपवर कुणी अवाक्षर काढत नाही. न्यू इंडिया सहकारी बँकेवर 13 फेब्रुवारी 2025 ला निर्बंध आले आणि 4 ऑगस्टला ती सारस्वत बँकेत गेलीसुद्धा. पीएमसीच्या अठ्ठावीस महिन्यांपुढे हे बरंच म्हणायचं. तरी विम्याचे पैसे येईपर्यंत तीन महिने औषधाच्या दुकानात उधारी कोण देतं?

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं: मर्यादा दहा लाख करा नाहीतर पंधरा, पहिल्या आठवड्यात निदान लाखभर तरी हातात द्या. काकांनी अंगठा टाकला. आईने आता ठेवी तीन बँकांत विभागल्या आहेत. तिन्ही पासबुकं बिस्किटाच्या डब्यात असतात, आणि दर महिन्याला मला त्यांचे फोटो येतात, नेहमीसारखे आडवे.