पोट मोठं भरलं म्हणजे सिझेरियनच? नाही

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गरोदर बायकांसाठी फिरतंय : ‘पोट आठवड्यांपेक्षा मोठं भरलं तर सिझेरियनच.’ तसं नाही. पोट टेपने मोजतात ते ओटीपोटाखालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत; २४ आठवड्यांनंतर हे सेंटिमीटर आणि गरोदरपणाचे आठवडे साधारण जुळतात. दोनेक सेंटिमीटरचा फरक चालतो. जास्त भरलं तरी बाळ मोठं, बाळाभोवतीचं पाणी जास्त, गर्भाशयात गाठ की पाळीची तारीखच चुकली, हे टेपला कुठून कळणार? म्हणून सोनोग्राफी, साखरेची तपासणी. सोनोग्राफीतलं वजनही अंदाजच, ३.८ किलोचं सांगितलेलं बाळ ३.४चं निघू शकतं. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना निव्वळ वजनावरून सिझेरियनचा विचार ५ किलोपासून, आईला मधुमेह असल्यास ४.५पासून करायला सांगते. (शेजारच्या काकूंचा अंदाज त्यात धरत नाहीत.) वार (प्लासेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, बाळ आडवं असेल, तर गोष्ट वेगळी, ते तुमच्या डॉक्टरांशीच बोला.