‘शून्य कोड आला की बॅकअप झाला’ असं म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या संस्थांच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, एकामागून एक आपोआप चालणाऱ्या जॉबच्या साखळीला बॅच म्हणतात. या बॅचच्या बॅकअपची आणि रिकव्हरीची तपासणी आपोआप कशी होऊ शकते, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली ‘जुना ऑपरेटर’ या नावाने प्रतिक्रिया आली: “ताई, पुस्तकी ज्ञान छान आहे. मशीन रूममध्ये रात्र काढलीत का कधी? बॅकअपचा जॉब शून्य कोडने संपला की बॅकअप झाला. त्यावर आणखी तपासणीचे प्रोग्राम लावणं म्हणजे काम नसलेल्यांचे उद्योग. आता तर डिस्कचं मिररिंग असतं. आणि खर्च कोण देणार?”

आधी रात्रीचं बोलू, कारण प्रतिक्रियेची सुरुवात तुम्ही तिथून केलीत. मी वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांसाठी प्रोग्राम दुरुस्त करण्याच्या, लाटेत या कामात आले. कर्वे रस्त्यावरच्या क्लासमध्ये कोबॉल ही प्रोग्रामची आणि जेसीएल ही जॉब चालवायची भाषा शिकले आणि पुढची कित्येक वर्षं हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्टला काढली. ग्राहक युरोपातला होता. तिकडे मध्यरात्री सुरू होणारा बॅच आपल्याकडे पहाटे पडतो, म्हणजे मुलाला सासूबाईंजवळ झोपवून कॅबची वाट बघायची. हे कौतुकासाठी सांगत नाही. पण समोरच्या बाईने काय केलंय हे न विचारता ‘पुस्तकी’ म्हणून मोकळं होणं मला लागलं, आणि लागलं हे लपवायचं कारण मला दिसत नाही. हाच लेख एखाद्या पुरुषाच्या नावाने आला असता तर रात्रीचा प्रश्न तुम्ही विचारला असतात का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आता ‘शून्य कोड’, म्हणजे जॉब संपताना मशीन देतं तो निकालाचा आकडा. जॉबला जे सांगितलं ते त्याने केलं, एवढंच शून्य कोड सांगतो. योग्य ते सांगितलं होतं की नाही, हे तो सांगत नाही. माझ्यासमोर घडलेली गोष्ट आहे. बॅकअपच्या जॉबमध्ये फाइलींची यादी हाताने लिहिलेली होती. डेव्हलपमेंटच्या लोकांनी एका रिलीजमध्ये नवी व्हीसॅम फाइल (मेनफ्रेमवरच्या फाइलींचा एक प्रकार) आणली आणि यादीत कोणी ती घातली नाही. जॉब रोज शून्याने संपत राहिला. मग एके दिवशी चुकीच्या इनपुटमुळे अपडेटची अख्खी साखळी बिघडली आणि आदल्या रात्रीच्या स्थितीला परत जायची वेळ आली. सगळ्या फाइली परत आल्या, ही एक सोडून. तिची कॉपी कुठेच नव्हती. त्या दिवशी कोणाचाही जॉब फेल झालेला नव्हता, महोदय.

यादीत नाव असूनही फसगत होते. जीडीजी म्हणजे एकाच फाइलीच्या क्रमाने ठेवलेल्या आवृत्त्या, म्हणजेच जनरेशन. बॅकअप जीडीजीची (०), म्हणजे त्या क्षणी सर्वात ताजी असलेली जनरेशन घेतो. पण साखळी लांबली आणि बॅकअप आपल्या ठरल्या वेळी सुटला, तर त्या क्षणी (०) म्हणजे कालची जनरेशन असते. आजची (+१) अजून तयारच व्हायची असते. कोड शून्यच. दुसरं म्हणजे, डीएसएस या कॉपी काढणाऱ्या प्रोग्रामच्या डंपमध्ये, म्हणजे कॉपीच्या आज्ञेत, कोणीतरी कधीतरी टीओएल(ईएनक्यूएफ) हा पर्याय टाकून ठेवलेला असतो. मग फाइलवर ताबा मिळाला नाही तरी डंप पुढे जातो आणि दुसरा जॉब तिच्यात लिहीत असतानाच तिची कॉपी निघते. तशी कॉपी रिस्टोअर होईलही, पण आतला हिशेब जुळेलच याची खात्री कोण देणार? हे ऑपरेटरने डोळ्यांनी कसं पाहायचं? कन्सोलवर यातलं काही दिसत नाही.

म्हणूनच मी एसएमएफबद्दल, म्हणजे मेनफ्रेमच्या स्वतःच्या नोंदवहीबद्दल, लिहिलं होतं, आणि लेखाचा तो भाग तुम्ही वाचल्याचं तुमच्या प्रतिक्रियेत कुठे जाणवत नाही. कोणत्या जॉबने कोणती फाइल उघडली, हे मशीन स्वतःच नोंदवून ठेवतं. साध्या फाइलींसाठी १४ आणि १५ नंबरचे रेकॉर्ड, व्हीसॅमसाठी ६२ आणि ६४. त्यांवरून साखळीतली प्रत्येक फाइल आधी वाचली गेली की आधी लिहिली गेली, हे काढता येतं. साखळीनेच तयार केलेली फाइल पुन्हा चालवून मिळते. बाहेरून आलेली, आधी वाचली गेलेली फाइल मात्र पुन्हा मिळत नाही, तिची कॉपी हवीच. ही यादी रोज निघावी, बॅकअपच्या नोंदींशी ताडली जावी, कॉपीची वेळ साखळी सुरू होण्याच्या आधीची आहे का ते बघावं आणि जे जुळत नाही तेवढंच माणसापुढे यावं. याला ‘काम नसलेल्यांचे उद्योग’ म्हणण्याआधी एकदा करून बघा.

एक मान्य करते. जॉब मोजके असतील आणि ते लिहिणारा माणूस अजून त्याच खुर्चीत असेल, तर हाताची यादी पुरते. असे शॉप, म्हणजे कॉम्प्युटर केंद्रं, मीही पाहिलेत.

मिररिंग, म्हणजे एका डिस्कवर लिहिलेलं लगेच दुसऱ्या डिस्कवरही उतरवणं, हे डिस्क जळाली तर उपयोगी आहे. प्रोग्रामने चुकीचं लिहिलं तर तेच चुकीचं पलीकडच्या डिस्कवरही तत्परतेने पोचतं. यावर याहून जास्त लिहायची गरज मला वाटत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर जून २०१२ आठवा. ब्रिटनच्या आरबीएस या बँक समूहात बॅच शेड्युलरचं, म्हणजे जॉब ठरल्या क्रमाने सोडणाऱ्या प्रोग्रामचं, अपग्रेड गडबडलं म्हणून मागे घेतलं, आणि जुनी आवृत्ती नव्या आवृत्तीशी जुळली नाही. लाखो ग्राहक अडकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. परतीची वाट आधी चालून न बघण्याची ती किंमत होती. तुम्ही विचारता ते तपासणीचे प्रोग्राम तर घरच्याच मशीनवर चालतात.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. पुन्हा लिहिलंत तर एवढं सांगा: तुमच्या शॉपमध्ये शेवटची रिस्टोअर चाचणी कोणत्या फाइलींवर झाली, आणि त्या फाइली कोणी आणि कशावरून निवडल्या?