नागपूरचा कमर्शियल रेडिओ एफएमच्या चाळीस वर्षं आधीचा आहे

१ नोव्हेंबर १९६७. आकाशवाणीनं त्या दिवशी विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती घ्यायला सुरुवात केली, प्रयोग म्हणून, आणि तीही फक्त तीन शहरांतून. मुंबई, पुणे आणि नागपूर. दिल्ली नाही, कलकत्ता नाही, मद्रास नाही. नागपूर!

ही गोष्ट या शहरातल्या शाळकरी पोराला माहीत असायला पाहिजे. पण आपल्याकडे रेडिओचा विषय निघाला की गाडी थेट २००७ च्या आसपास येऊन थांबते. मिर्ची, माय एफएम, रेडिओ सिटी ही खासगी एफएम स्टेशनं आली आणि नागपुरात कमर्शियल रेडिओ सुरू झाला, असं लोक बिनधास्त सांगतात. मला हे ऐकवत नाही. त्या आधीची चाळीस वर्षं कुठं गेली?

जरा मागं जाऊ. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? काटा श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे फिरवला. निवेदक अमीन सायानींचा आवाज तिकडून यायचा आणि देश इकडे ऐकायचा. ऐकणारा गेला तसा जाहिरातीचा पैसाही समुद्रापार गेला. मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, गाणी परत आली, पण जाहिराती नव्हत्याच. पुढं सरकारनं नेमलेल्या चंदा समितीनं १९६६ मध्ये व्यापारी प्रसारणाची शिफारस केली, आणि दुसऱ्याच वर्षी आपल्या शहराचा नंबर लागला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ पासून होतंच, पण गाण्याच्या मधे दुकानाचं नाव ऐकू येणं ही नवलाई होती.

माझ्या मते खरी गंमत त्या दुकानाच्या नावातच होती. गाणी काय, मुंबईतही तीच आणि पुण्यातही तीच. पण दोन गाण्यांच्या मधे सीताबर्डीवरच्या साडीच्या दुकानाचं नाव आलं की हे केंद्र आपलं आहे हे कळायचं. इतवारीतला व्यापारी पेपरात चार ओळींची जाहिरात देत आलेला, तो आता महालातल्या वाड्यात, धरमपेठेतल्या स्वयंपाकघरात, कामठीच्या चहाच्या टपरीवर एकाच वेळी ऐकू येऊ लागला. आमच्या घरी आई भाकऱ्या थापता थापता जाहिरातीची चाल गुणगुणायची. पोस्टातून काढलेलं रेडिओचं लायसन्सचं पुस्तक बाबा नीट जपून ठेवायचे. पैसे भरून ऐकत होते लोक, फुकट नाही. जाहिरातीला ‘व्यत्यय’ म्हणायची फॅशन नंतरची. त्या काळी शहराला स्वतःचं नाव रेडिओवर ऐकू येत होतं ते जाहिरातीमुळेच, आणि हे मी अगदी गंभीरपणे म्हणतो आहे.

आता एफएमबद्दल. त्या सुरुवातीच्या वर्षांवरही माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून तर राग येतो.

खासगी एफएमच्या पहिल्या फेरीत सरकारनं ठरावीक लायसन्स फी लावली होती आणि ती दर वर्षी १५ टक्क्यांनी वाढत जायची. जाहिरात मिळो न मिळो, फी भराच. बरेच जण त्यात बुडाले. २००५ च्या धोरणानं ते बदललं. एकदाच प्रवेश शुल्क आणि मग उत्पन्नाचा साधारण ४ टक्के वाटा. या दुसऱ्या फेरीत नागपूरला खासगी स्टेशनं मिळाली.

काय दिवस होते! मोबाइलमध्ये एफएम असायचं, पण इअरफोनची वायर खुपसल्याशिवाय लागायचं नाही, कारण तीच अँटेना. पानठेल्यावर, ऑटोत, मेडिकल चौकातल्या होस्टेलमध्ये, सगळीकडे तेच वाजून राहिलं होतं. आरजे आपल्यासारखे बोलायचे. ‘काऊन बे’ म्हणणारा आवाज रेडिओतून येऊ शकतो हे आम्हाला आधी माहीतच नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीची गोष्ट, मे महिन्यात उन्हाची, डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बंद झालेल्या रस्त्यांची. बातम्या द्यायला बंदी होती, तरी शहर त्यातून कळायचं.

हे आपोआप घडत नव्हतं. त्या वेळच्या नियमात एका ठिकाणचा कार्यक्रम नेटवर्कमधून दुसरीकडे वाजवायची मुभा फक्त छोट्या, क आणि ड वर्गातल्या शहरांपुरती होती. नागपूर त्यात बसत नव्हतं. म्हणजे नागपूरचे तास नागपुरातच भरावे लागायचे. २०११ च्या धोरणानं ही मुभा देशभर सगळ्यांना दिली. खर्च वाचतो, हिशेब मला समजतो. पण एकच कार्यक्रम बाहेरून दहा शहरांत वाजायला लागला की त्यात मारबत कुठून येणार?

तेव्हाही सगळं छान होतं असं नाही. तीच ती गाणी दिवसभर. त्यालाही कारण होतं: गाण्यांची रॉयल्टी तासाच्या हिशेबानं जायची आणि कमाई होवो न होवो ती द्यावीच लागायची. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं ती जाहिरातीच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के केली. तोवर हमखास चालणाऱ्या गाण्याशिवाय दुसरं काही वाजवायची कुणाची छाती नव्हती. मराठी गाण्यांचा सगळ्यात आधी बळी गेला. हिंदीशी माझं भांडण नाही. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या शहराची हिंदी आपलीच आहे. पण याच शहरात घरोघरी मराठी बोलतात, आणि ती एफएमवर बहुतेक जाहिरातीतच ऐकू यायची. बघा, पुन्हा जाहिरातच!

म्हणून माझं म्हणणं व्यापाऱ्यांना आहे. स्टेशनवाल्यांना सांगून काही होत नाही, ते पैसा देणाऱ्याचं ऐकतात. सीताबर्डी, इतवारी, सदर, गोकुळपेठेतल्या दुकानदारांनी स्पॉट घेताना एवढंच विचारावं की माझी जाहिरात ज्या तासात वाजणार तो तास नागपुरातून होतो का. होत असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत. आणि ज्यांच्या घरी, गोदामात जुन्या जाहिरातींच्या टेप किंवा कॅसेट पडल्या असतील त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. साडीच्या, चिवड्याच्या, सायकलीच्या, कोणत्याही. मला कळवा, मी स्वतः येऊन डिजिटल करून देतो, मूळ टेप तुमच्याकडेच राहील.