फोनवर मान हलवणारं मूल: एका बालवाडीताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार वर्षांचं मूल समोरच्याला पाहून बोलणं बदलतं, हे मी कौतुकाच्या भरात लिहिलं असं तुमचं म्हणणं. तुमच्या बालवाडीतल्या मुलांना फोनवर 'जेवलास का?' विचारलं तर ती नुसती मान हलवतात, आणि लहानग्यांशी बोबडं बोलणं ही तर मोठ्यांची नक्कल. लहान मुलं स्वतःच्याच नजरेतून बोलतात, ऐकणाऱ्याचा विचार करत नाहीत, असं म्हणणाऱ्या, डी.एड.ला शिकलेल्या मानसशास्त्रज्ञ पियाजेचीही तुम्ही आठवण करून दिलीत.

फोनचं तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे आणि ते माझ्या लेखात यायलाच हवं होतं. नकलेचं मात्र पटत नाही.

'भूभू', 'मम्मं', 'जोजो' हे शब्द मोठ्यांचेच, वादच नाही. या लाडिक मराठीवर अशोक केळकरांनी १९६४ सालीच भाषाशास्त्रीय लेख लिहिला होता. पण माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीचं ऐका. चावीचं माकड आजोबांना दाखवताना ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आधी चावी तीनदा फिरवा, मग खाली ठेवा, नाहीतर ते पडतं." शेजारच्या दोन वर्षांच्या बाळाला तेच माकड दाखवताना, "बघ. माकड. इकडे बघ ना! आता नाचणार." यात लाडिक शब्द एकही नाही. वाक्यं तोडली, 'नाहीतर' गाळलं, बाळाचं भिरभिरणारं लक्ष पुन्हा ओढून आणलं. आमच्या घरात धाकटं भावंडही नाही.

मर्लिन शॅट्झ आणि रोशेल गेलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली अमेरिकेत नेमकं हेच मांडलं. चार वर्षांच्या मुलांना एक खेळणं मोठ्या माणसाला आणि दोन वर्षांच्या मुलाला समजावून सांगायला लावलं. लहानग्यांसाठी वाक्यं आखूड आणि सोपी झाली, 'बघ'सारखे शब्द वाढले. धाकटं भावंड नसलेल्या मुलांचंही तसंच झालं. पियाजेने जिनिव्हात टिपलं ते मुलं आपापसांत चित्रं काढताना, खेळताना केलेलं बोलणं. तिथे कुणाला काही समजावून द्यायची गरजच कमी होती.

मग फोनवर काय होतं? चेहरा जातो. बाळ गोंधळलं की दिसतं, फोनवरचा काका गोंधळलेला दिसत नाही. क्राउस आणि ग्लक्सबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मुलांमध्ये पडदा ठेवून विचित्र आकारांचं वर्णन करायला सांगितलं, तर लहान मुलं फक्त स्वतःला कळतील अशी नावं द्यायची आणि पलीकडचं मूल अडायचं. तीच नावं नंतर त्यांना स्वतःला ऐकवली, तर ती बरोबर आकार उचलायची! म्हणजे बोलणं निरर्थक नव्हतं. पडद्यापलीकडच्याला काय माहीत नाही, याची कल्पना करणं जड जात होतं. ते जमायला आणखी काही वर्षं लागतात.

एक विनंती. बालवाडीत नवं मूल आलं की जुन्यातल्या एखाद्याला त्याला डबा कुठे ठेवायचा ते सांगायला लावा, आणि तुम्ही जरा लांब बसून ऐका. काय ऐकलंत ते जसंच्या तसं इथे लिहा. माझ्या म्हणण्याच्या उलट निघालं, तर ते आधी लिहा.