घर पाहावे पिन करून

लग्न ठरलंय? अभिनंदन! आता हॉलचं बुकिंग, केळवणं, आहेराच्या याद्या असली किरकोळ कामं आईबाबांवर सोपवा आणि पिंटरेस्ट या चित्रं जमवायच्या साइटवर बोर्ड उघडा, म्हणजे आवडलेली चित्रं 'पिन' करून ठेवायचा फलक. एकावर भागत नाही. हळदीचा वेगळा, मेंदीचा वेगळा, नऊवारीचा, खोप्याचा, रुखवताचा आणि 'व्हाइब' नावाचा एक. त्यात नेमकं काय टाकायचं हे कुणालाच ठाऊक नसतं, पण सगळ्यात आधी तोच भरतो. मुहूर्त सहा महिन्यांवर आला असेल तर तुम्हाला उशीरच झालाय. ज्यांचं अजून कुठे जमलेलंही नाही त्यांचे बोर्ड केव्हाच ओसंडून वाहताहेत. नवरा काय, मागाहून बसवता येतो.

घरातलं कुणीतरी म्हणेलच, की नुसती चित्रं जमवून काय होतंय! त्यांना पिंटरेस्टची जन्मकथा ऐकवा. बेन सिल्बरमन यानं गूगलमधली नोकरी सोडली आणि आधी 'टोट' नावाचं खरेदीचं ॲप काढलं. लोक त्यात वस्तू बघायचे, आवडल्या की साठवून ठेवायचे, विकत मात्र घ्यायचे नाहीत. दुसरा एखादा दुकानदार कपाळाला हात लावून बसला असता. पण यानं लहानपणी किडे गोळा करून पुठ्ठ्यावर टाचलेले. त्याला गिऱ्हाईक बरोबर ओळखू आलं. 2010 च्या मार्चमध्ये पिंटरेस्ट सुरू झालं, पहिल्या काही हजार लोकांना त्यानं स्वतः पत्रं लिहिली, आणि 2019 मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात पोचली. तेव्हा काही न करता नुसतं साठवून ठेवण्याला नावं ठेवू नका. अब्जावधी डॉलर त्यावरच उभे आहेत.

आता ब्लाउज. शिंप्याकडे जाताना कापड विसरलात तरी चालेल, फोनचं चार्जिंग विसरू नका. काका चष्मा कपाळावर सरकवतील, दोन बोटांनी फोटो मोठा करतील आणि म्हणतील, "ताई, हे असं शिवलेलं नाय. मागनं पिना मारून आवळलंय. आन् ही बाई फोटोपुरती उभी हाय, तुम्हाला पंगतीत बसायचंय." हा माणूस जुन्या वळणाचा आहे, मनावर घेऊ नका. बाही एकीची, गळा दुसरीचा, पाठ तिसरीची असे फोटो त्याच्यापुढे धरा आणि "साधारण असंच" म्हणा. शिवून येईल ते चौथंच काहीतरी असेल. त्याला 'कस्टमाइज्ड' म्हणतात.

मांडवाच्या बाबतीत एकच पथ्य पाळा: आपलं काहीतरी वेगळं हवं. 'वेगळं' असा शोध घेतलात की पितळी समया, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट आणि मागे पांढरा पडदा असं एक चित्र येईल. तेच डोंबिवलीत लागलंय, तेच सांगलीत, तेच न्यू जर्सीच्या हॉलमध्ये. डेकोरेटरकडे जाल तर तुम्ही फोन काढायच्या आत तो आपल्या फोनवर तेच दाखवेल. याचा अर्थ तुमची निवड चुकलेली नाही. उलट तिच्यावर शिक्कामोर्तब झालंय.

लग्नानंतर घर. ओट्यावर बंद कपाटं नकोत, उघड्या फळ्या हव्यात, पांढऱ्या. त्यावर काचेच्या बरण्या. हिंग-मोहरीची फोडणी रोज त्या फळ्यांच्या नाकाखाली बसणार आणि महिन्याभरात बरण्यांवर असा चिकट थर चढणार की झाकणाबरोबर बरणीही हातात यावी. उपाय सोपा आहे, स्वयंपाक बंद करा. चित्रातल्या त्या स्वयंपाकघरात तरी कुठे कुणी पोहे करताना दिसतं? आणि हल्ली काही चित्रांत सिंक असतं पण नळ नसतो, जिना असतो तो भिंतीत शिरतो. सुतार विचारेल, "साहेब, हा ड्रॉवर उघडणार कुठं?" ते चित्र मुळात कुठल्या घराचं नाहीच, यंत्रानं रंगवलेलं आहे, हे त्याला सांगत बसू नका. अशी चित्रं इतकी माजली की 2025 मध्ये पिंटरेस्टला त्यांवर तशी चिठ्ठी लावायची सोय करावी लागली. तुम्ही चिठ्ठी वाचू नका. नळाचं नंतर बघू.

हे सगळं साठवण्याचं झालं. दाखवण्यासाठी इन्स्टाग्राम आहेच. तिथे 2015 पर्यंत फोटो फक्त चौकोनी चालायचा आणि अख्खं एकत्र कुटुंब त्या चौकटीत बसवताना एखाद्या काकांचा खांदा जायचाच. आता आडवा चालतो, काका परत आलेत. सासूबाईंनी विचारलं, "यातून मिळतं काय?" तर सांगा, 2012 मध्ये जेमतेम 13 माणसांची ती कंपनी फेसबुकनं 100 कोटी डॉलरला घेतली. कुणाला मिळालं, एवढं विचारायची संधी मात्र त्यांना देऊ नका.

एक राहिलंच. फोटो कुणाचा, कुणी काढला, असल्या चौकशा करायच्या नाहीत. 2012 च्या फेब्रुवारीत पिंटरेस्टनं वेबसाइटवाल्यांना कोडची एक ओळ देऊ केली, ती लावली की त्या पानावरचं चित्र पिन होत नाही. म्हणजे ज्याला आपला माल जाऊ द्यायचा नसेल त्यानं कुलूप लावावं, नेणाऱ्याला कसला दोष? हाच न्याय तुमच्या लग्नाच्या अल्बमलाही. फोटोग्राफर तो आपल्या पानावर टाकेल आणि वर्षभरात नागपूरची कुणी मुलगी शिंप्याच्या दुकानात तुमची पाठ उघडून उभी असेल. हरकत घ्यायला जाऊ नका. नाव त्यावर नसेलच, चेहराही कापलेला असेल. तिला फक्त तुमचा गळा हवाय.